न आणि फ यांच्या मधलं

हे मी जुन्या फोनवर लिहितेय, म्हणून
एक अक्षर कमी असेल. सांभाळून घ्या.
उजव्या कडेला, न आणि फ यांच्या मधे,
काच तडकली त्याला दोन हिवाळे झाले.
व्हिक्टोरिया डॉकजवळ वारा असा होता
की हातमोजा, बसचं तिकीट आणि हा,
तिघांतलं एकच काहीतरी धरता आलं.
मी तिकीट धरलं.

तेव्हाच नवा घ्यायला हवा होता, हे मान्य.
निहार म्हणाला, आई, याला आता
म्युझियममध्ये नोकरी मिळेल.
बँक म्हणाली, मार्चनंतर या यंत्रावर आमची सेवा बंद.
बॅटरी तर सकाळच्या चहाला शंभर,
दुकान उघडेतो अठ्ठेचाळीस,
आणि थंडीत थेट शून्य, काही न सांगता,
रुसलेल्या विहीणबाईसारखी.

ट्रिनिटी मार्केटमधल्या रेबवारने
भिंगातून बघितलं, च्च केलं.
काचेचे साठ, बॅटरीचे चाळीस,
आणि अख्खा विकलास तर तुला वीस.
मग खिशातून स्वतःचा काढला.
याच्याहून जुना, मागे रबर गुंडाळलेलं.
काही बोलला नाही. मीही नाही.

मी डोळ्यांच्या दुकानात काम करते.
दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते.
आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?
हे का ते? एक का दोन?
माणसं घाबरतात, उत्तर चुकेल म्हणून.
चुकत नाही, मी सांगते.
दोन्ही सारखंच दिसत असेल तर तसं म्हणा.

दुकानाबाहेर टेलिफोनचा डबा आहे, सायीच्या रंगाचा.
बाकी देशात लाल असतात, हलमध्ये असे.
आत आता कोणी जात नाही, एक म्हातारा सोडून.
तो रोज एक वाजता रिसीव्हर उचलतो,
ऐकतो, ठेवतो, दार नीट लावून जातो.

एका अक्षराविना भाषा चालते, खरंच चालते.
घरी आले की 'आले' लिहायचं,
मनात दुसरा शब्द असला तरी.
रक्कम मिळाली. जल गरम होत नाहीये,
बॉयलर बिघडला.
वृंदा यवतमाळहून म्हणते, अगं,
काय ही नाटकातल्यासारखी मराठी?
रक्कम काय, जल काय,
विलायतेत जाऊन शास्त्रीबुवा झालीस!
मी हसरा चेहरा धाडते. त्याला अक्षर लागत नाही.

मग ती विचारते ते. दर दिवाळीला विचारते.
तिच्या वाक्यात ते अक्षर ठणठणीत असतं,
अगदी सुरुवातीला.
मला मात्र ते उत्तरात आणता येत नाही.
मी लिहिते, बघू. लिहिते, सुट्टी नाही.
लिहिते, निहारची शाळा उरकू दे.
वृंदा म्हणते, तू नेमका तो शब्द सोडून सगळं लिहितेस.
मी म्हणते, फोन जुना आहे गं.

दोन वर्षं हे उत्तर चाललं.

*

पाटी नवी. प.
प प प प. चालतंय.
पाऊस, पाणी, पैसे, पोचले, परवा,
पपई, उगाच.
दोन वर्षांचं तुंबलेलं एकदम लिहून पाहिलं.
या काचेवर बोट असं घसरतं
की अडायला काही नाही.
जुन्यावर अंगठ्याला तडा कळायचा,
इथे थांब म्हणायचा.

मग वृंदाचा प्रश्न उघडला.
'परत' एवढंच लिहिलं
तर वर तीन पर्याय आले, न मागता:
परत येते. परत सांग. परत करायचा आहे.
या फोनला अजून मी कोण ते माहीत नाही.

पावती पाकिटात आहे.
काउंटरवरचा मुलगा म्हणाला, खोका फाडू नका,
तीस दिवसांत आणून देता येतो.
जुना उशाशी ठेवलाय, गजरापुरता.

यवतमाळात आता पहाट असेल.
वृंदा जागी असेल तर तिला दिसत असेल
माझ्या नावाखाली: टाइप करत आहे.
टाइप करत आहे.
थांबली.
टाइप करत आहे.